आर्डिसच्या वहीतला पाचवा रकाना

आर्डिस क्वामेला रस्त्यात पाहिलं असतं तर ही बाई जादूगार, ट्रोल आणि तळ्याखालचे राक्षस असल्या भानगडीत पडली असेल असं कुणाच्या बापालाही वाटलं नसतं. एल्स्बोच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळायची ती. वय चौपन्न, केसांवर जाळी, पायांत पांढरे रबरी बूट आणि हातात ओगराळं. तीनशे दहा पोरांना रोज अकरा चाळीसला जेवायला घालायचं, आणि रांगेतल्या शेवटच्या पोराच्या ताटात पहिल्याइतकंच पडलं पाहिजे. एकोणीस वर्षांत एकदाही कमी पडलं नाही. याचं कुणी कौतुक केलं नाही, कारण एल्स्बोत कौतुक करायची पद्धतच नाही. मिनेसोटाच्या आमच्या भागात एखाद्याने अख्खं घर स्वतःच्या हातांनी बांधलं तरी लोक फक्त 'वाईट नाही' म्हणतात, आणि तेवढ्यावर तो गडी वर्षभर खूश असतो.

तर या आर्डिसच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी खेळ चालायचा. खेळ रचला होता शेजारच्या लाइल स्विगमने. लाइल शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याने एका वर्षी कुठूनसा एक नव्या धर्तीचा खेळ आणला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणी काही धाडस करायला गेलं की ते जमलं का हे फासे ठरवतात. लाइलला कल्पना आवडली, पण त्यातली वाळवंटं आणि राजवाडे पाहून त्याचं डोकं फिरलं. एल्स्बोत जन्माला आलेल्या माणसाने उंटावर काय म्हणून बसायचं? मग त्याने स्वतःचाच खेळ रचला आणि नाव ठेवलं 'गोठल्या तळ्याखाली'. त्यात पुलावर नॉर्वेच्या लोककथांतला दांडगा, केसाळ ट्रोल, दारावर लांडगे, आणि शेवटी तळ्याच्या बर्फाखाली चर्चएवढा एक म्हातारा पाईक मासा. निम्मं आयुष्य बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडून बसण्यात घालवणाऱ्या माणसांना यापेक्षा भयंकर राक्षस सुचणार तरी कुठून!

लाइल सूत्रधार. पाद्रीबुवा हेगे जादूगार झाले. रविवारी स्वर्ग आणि मंगळवारी अग्निलोळ, दोन्हीकडे आवाज तोच. दुधाचा टँकर चालवणारा ड्वेन योद्धा झाला, त्याची बायको मर्ना तिरंदाज. कोण कुठलं सोंग घेणार ते कागदांवर लिहिलेलं असायचं, त्यातला चोराचा कागद कुणी उचललाच नाही. पाद्रीबुवा समोर बसलेले असताना चोर व्हायची कुणाची छाती? आर्डिस सगळ्यांना कॉफी ओतून, वड्यांचं ताट मधोमध ठेवून सगळ्यांत शेवटी बसायची, तोवर टेबलावर उरायचा वैदूचा कागद. वैदूने काय करायचं, तर जखमी माणसाला पाला चोळायचा. ना तलवार, ना मंत्र. पाला चोळून झाला की गप्प बसायचं. असा तिने सहा वर्षं पाला चोळला.

पण खेळ चालवला खरा तिनेच. पहिल्या वर्षी लाइलचे नियम असे काही लंगडे होते की विचारू नका. ड्वेनच्या कुऱ्हाडीने एका घावात सगळं मरायचं आणि मर्ना हात चोळत बसायची. घरी जाताना नवराबायकोत गाडीत भांडणं. लाइलला वाटायचं, मर्नाचं आज डोकं दुखतंय. आर्डिसला कळलं. दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "लाइल, ड्वेनची कुऱ्हाड जरा जड झालीय रे."

"जड म्हणजे?"

"ओगराळं भरून एकट्याच्याच ताटात पडतंय सगळं."

तिथून तिचं काम सुरू झालं. शाळेतल्या लाल पाठीच्या वहीत तिने चार रकाने आखले: पाद्रीबुवा, ड्वेन, मर्ना, लाइल. आणि रकान्यात मांडायची काय, तर कॉफीचे कप. तिचा हिशोब साधा होता. जो खेळात गुंतलेला असतो त्याची कॉफी गार होते. ज्याला काही काम नसतं तो कप संपवतो, दुसरा मागतो, तिसऱ्यानंतर बाथरूमला जातो. एखाद्या मंगळवारी मर्नाच्या रकान्यात चार कप दिसले की आर्डिस लाइलला गाठायची: तिरंदाजाचा पल्ला वाढव, लांडगे झाडीत लपव, पुलावर धुकं आण. सहा वर्षांत तिने सतरा वह्या भरल्या आणि खेळाचा तोल असा साधला की रात्री नऊला सगळ्यांचे कप गार आणि भरलेले. असल्या कामाला काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ते वाढप होतं.

आता लाइलने तो खेळ टाइप करून काढला आणि छापायचं मनावर घेतलं, तिथे खरी गोष्ट सुरू होते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो आर्डिसच्या स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आर्डिस, पुस्तकावर माझ्यासोबत तुझंही नाव घालू का?"

"छे, माझं कशाला!" आर्डिस म्हणाली.

"अगं, एवढं सगळं केलंस तू."

"राहू दे रे. कसलं काय."

आणि फोन वाजला. ड्वेनचा टँकर बर्फावरून घसरून खंदकात गेला होता. लाइल दोरखंड घेऊन पळाला आणि विषय तिथेच राहिला.

हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. आमच्याकडे पहिला नकार ही रीत असते. दुसरा नकार हीसुद्धा रीतच. माणूस तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा खरं उत्तर द्यायचं. कॉफी असो, वडी असो, लग्नाची मागणी असो, नियम एकच. लाइलने दोनदा विचारलं आणि गेला. आर्डिस मार्चभर वाट पाहत राहिली. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये लाइलने मुखपृष्ठाचा नमुना तिच्यासमोर धरला. वर 'गोठल्या तळ्याखाली', खाली मोठ्या अक्षरांत 'लाइल स्विगम'. "कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"वाईट नाही," आर्डिस म्हणाली, आणि आत जाऊन तिने एक पातेलं इतकं घासलं की त्याचं कल्हईसकट सगळं निघालं. एल्स्बो सगळं नॉर्वेजियनांचं, पण लाइलच्या आजोळी स्वीडिश रक्त होतं. त्यांचं मोजणं दोनवरच थांबत असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पण आतून ती जळत होती. ते नाव तिला हवं होतं. एकोणीस वर्षं वाढलेलं अन्न तासाभरात पोटात जाऊन संपायचं. ही एकच गोष्ट टिकणार होती, आणि तिच्यावर आर्डिसचं नाव नव्हतं.

ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनात खेळवेड्यांचा मोठा मेळावा भरला. लाइल, आर्डिस, पाद्रीबुवा आणि ड्वेन टँकरवाला असे चौघे चर्चच्या गाडीतून सहा तास प्रवास करून तिथे पोचले. मिल्वॉकीचे कुबियाक म्हणून एक गृहस्थ तिथे भेटणार होते. त्यांचा छापखाना चर्चची कॅलेंडरं आणि बियाण्यांची सूचिपत्रं छापायचा, आणि आता त्यांना खेळ छापायचे होते. पोट सुटलेला, विजारीला सस्पेंडरचे पट्टे लावलेला माणूस. टाइप केलेले कागद त्यांनी हातातसुद्धा घेतले नाहीत.

"मी नियम वाचत नाही," ते म्हणाले, "मी खुर्च्या बघतो. तीन तासांचा डाव लावा. दहा ते एक. एक वाजता सगळ्या खुर्च्या भरलेल्या असल्या तर छापतो."

शुक्रवारी सकाळी दहाला टेबल लागलं. पाच कागद मांडले. चार परके खेळाडू आले, तेव्हा रीतीप्रमाणे वैदूचा कागद उरला आणि आर्डिस मुकाट्याने त्या खुर्चीत जाऊन बसली. जादूगाराचा कागद न्यू जर्सीच्या एका बाईने उचलला. रोझली झांपिएरी. नूअर्कमध्ये सिटी बस चालवायची. वय पन्नाशीच्या आसपास, दंड पैलवानासारखे, आणि आवाज असा की मागच्या सीटवरच्या माणसालाही तिकीट काढावंसं वाटावं.

"अग्निलोळ सोडू शकतो असं लिहिलंय," रोझलीने कागद वाचून विचारलं. "किती वेळा?"

लाइल गोंधळला. "आपल्या पाळीला," तो म्हणाला.

"म्हणजे प्रत्येक पाळीला?"

लाइलने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसने मागे उभ्या असलेल्या पाद्रीबुवांकडे पाहिलं. सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पाद्रीबुवा एका संध्याकाळी एकदाच लोळ सोडायचे, मग खाकरून म्हणायचे, आता दुसऱ्या कुणाला संधी द्या.

"तसं… नाही म्हणून काही लिहिलेलं नाहीये," लाइल म्हणाला.

"मस्त!" रोझली म्हणाली आणि तिने बाह्या सरसावल्या.

पुलावरचा ट्रोल, एक लोळ. दारावरचे लांडगे, एक लोळ. चोर होऊन बसलेल्या आयोवाच्या औषधविक्याने कुलूप उघडायला तार काढली, तोवर रोझलीने दार जाळलं. म्हाताऱ्या पाईकचा जीव होता एकशे वीस. लाइलने तीन वर्षं विचार करून ठरवलेला. सहा लोळांत तो उकडून तळ्यावर आला. मागे ड्वेनने डोळे मिटून घेतले. बर्फावर वाढलेल्या माणसाला मासा असा गेलेला बघवत नाही.

बावीस मिनिटं. एकाही माणसाला ओरखडा नाही, त्यामुळे वैदूला काडीचं काम नाही. तिरंदाज आणि योद्धा कॉफी पिऊन टोप्या घालून निघूनही गेले. आर्डिसने टेबलावरचे कप मोजले. सगळे कोरडे.

कुबियाक चालत आले. "हा खेळ तुमच्याकडे सहा वर्षं चालला म्हणता?" त्यांनी विचारलं. "तुमच्या गावात माणसं राहतात की पुतळे?"

लाइलचे कान लाल झाले. आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेळ लाइलचा, पण तोल तिचा होता, आणि ज्या गोष्टीवर आपलं नाव हवं म्हणून ती सहा महिने कुढत होती ती बावीस मिनिटांत विझली होती.

"उद्या दहाला अजून एक टेबल रिकामं आहे," कुबियाक म्हणाले. "एवढ्या लांबून आलात म्हणून. पण एक वाजेपर्यंत, बरं का."

ते गेल्यावर रोझली कागद गोळा करत होती. आर्डिसच्या तोंडाला सवयीने येतं तेच आलं. "संध्याकाळी आम्ही मासे खायला जातोय. तुम्हीही या ना आमच्याबरोबर."

"कुठे? किती वाजता?" रोझली म्हणाली.

पहिल्याच खेपेला होकार! ना 'छे छे', ना 'तुम्हाला उगाच त्रास'. अशी माणसं असतात हे आर्डिसने ऐकलं होतं, पाहिलं आज.

शुक्रवारी संध्याकाळी विस्कॉन्सिनात मासे तळतात, आणि अख्खा तालुका ते खायला लोटतो. सहा वाजता पाच जण एका टेबलाभोवती बसले. मधोमध तळलेल्या माशांची मोठी थाळी आली, बटाट्याच्या धिरड्यांसकट. सगळे दमलेले, कुणी फारसं बोलत नव्हतं. खाता खाता थाळीत एक तुकडा उरला.

आता शेवटचा तुकडा म्हणजे काय प्रकार असतो ते मी काय सांगू! तो कुणी घेत नाही. फारच झालं तर एखादा त्याचा अर्धा करतो. मग दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा. आर्डिसच्या तळघरातली शेवटची वडी अशी निम्मी निम्मी होत नखाएवढी उरायची आणि बुधवारी कोंबड्यांना जायची. पाद्रीबुवांनी सुरी उचललीच होती. तेवढ्यात रोझलीचा काटा आला, तुकड्यात घुसला आणि तुकडा तिच्या ताटात गेला.

टेबलावर असा सन्नाटा पसरला की स्वयंपाकघरातलं तेल ऐकू आलं.

"काय झालं?" रोझलीने तोंडात घास असताना विचारलं. "हवा होता का कुणाला? मग बोलायचं की!"

आर्डिसने हातातला काटा खाली ठेवला. "लाइल," ती म्हणाली, "तो नियम लिहिलाच नाही आपण."

"कुठला?"

"शेवटचा तुकडा न घ्यायचा. पाद्रीबुवा दुसरा लोळ सोडत नाहीत, ते बरं दिसत नाही म्हणून. ड्वेन मर्नाच्या आधी धावत नाही. सगळा तोल आपल्या लाजेवर उभा आहे. कागदावर काहीच नाही!"

पाद्रीबुवा ओशाळले. "मला दोनतीनदा फार वाटलं होतं हो, अजून एक सोडावा," ते पुटपुटले.

आर्डिसने पिशवीतून लाल वही काढून रोझलीसमोर ठेवली. "अजून काय काय मोडता येईल ते सांग," ती म्हणाली. हे बोलायला तिला किती जड गेलं ते तिचं तिलाच ठाऊक.

रोझलीने वही चाळली. कपांची भानगड समजावून सांगितल्यावर ती मोठ्याने हसली, आणि ते कौतुकाचं हसू होतं. "अगं, हे भारी आहे! बसमध्ये मी आरशात असंच बघते, कोण वैतागलाय ते." मग तिने पानावर बोट ठेवलं. "पाद्री, ड्वेन, मर्ना, लाइल. आणि तुझा रकाना?"

"माझा कशाला? मी मोजत होते ना."

"मग तुझे कप कोण मोजत होतं?"

तळघरातली कॉफीची किटली आर्डिसला आठवली. नऊ वाजता सगळ्यांचे कप भरलेले असायचे आणि किटली रिकामी. ती कोण रिकामी करत होतं हे तिने सहा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं.

"तो वैदू म्हणजे शिक्षा आहे गं," रोझली म्हणाली. "सकाळी तुला बघत होते मी. कुणी मुद्दाम घेईल का तो कागद?"

"पण आर्डिसला वैदू आवडतो!" लाइल म्हणाला.

"कधी म्हणाले मी असं?"

"मी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, चालेल."

"मी चिखल वाढला तरी तू 'चालेल'च म्हणशील, लाइल!" आर्डिसचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "सहा वर्षं पाला चोळतेय मी. पाला! तुम्ही ट्रोल मारताय, आणि मी आपली बसलेय, कुणी आपटतंय का बघत! कुणीतरी घ्यायलाच हवा म्हणून घेतला तो कागद. आवडतो म्हणे!"

ड्वेनने टोपी काढून मांडीवर ठेवली, चर्चमध्ये ठेवतात तशी. एवढी वाक्यं सलग बोललेली आर्डिस त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. राग आला तशी तिला लाजही वाटली, पण राग अजून पुरेसा शिल्लक होता, आणि त्याच्याच जोरावर तिने कागदी टेबलपोश उलटा केला आणि पेन्सिल काढली.

"शाळेत बटाट्याचे तळलेले गोळे असायचे त्या दिवशी," ती म्हणाली, "फुटबॉलवाली दांडगी पोरं तीन तीनदा घेऊन जायची. मुख्याध्यापकांनी पाट्या लावल्या, शिट्ट्या मारल्या, काही झालं नाही. मी कुणाला ओरडले नाही. म्हटलं, हवं तितकं घ्या, पण परत घ्यायचं तर रांगेच्या शेवटी उभं राहून. झालं."

"म्हणजे?" लाइलने विचारलं.

"लोळ सोडला की जादूगार रांगेच्या शेवटी. सगळ्यांच्या पाळ्या होईपर्यंत परत लोळ नाही. कुऱ्हाडीचा मोठा घाव घातला, तोही शेवटी. आणि रांगेत पुढे कोणाला घ्यायचं, ते ठरवणार वैदू."

"वैदू?"

"ओगराळं ज्याच्या हातात त्याला तोंडं दिसतात सगळ्यांची."

"अगं, पण सगळं टाइप झालंय! कार्बन घालून पाच प्रती!" लाइल कळवळला.

"मग आणखी एक पान टाइप कर."

माशांबरोबर आलेली टार्टर सॉसची वाटी म्हणजे म्हातारा पाईक, मीठदाणी योद्धा, मिरपूड तिरंदाज. रोझलीने तासाभरात तो नवा नियम चारदा मोडून दाखवला. चारही वेळा आर्डिसने तो पुन्हा शिवला. पाचव्या वेळी रोझलीने वाटीकडे बघत डोकं खाजवलं आणि "छ्या!" म्हणून टँकरवाल्यांनाही लाजवेल अशी न्यू जर्सीची शिवी हासडली. पाद्रीबुवांनी ती ऐकली नाही असं दाखवलं.

शनिवारी दहाला टेबल लागलं. कुबियाक खुर्ची ओढून मागेच बसले. रोझली पुन्हा आली होती, आयोवाचा औषधविक्याही आला. बिचाऱ्याचं कुलूप उघडायचं राहिलं होतं. आणखी दोघं नवे. लाइलने पाच कागद मांडले आणि नवा नियम वाचून दाखवला. वाचून होताच रोझलीचा हात वैदूच्या कागदाकडे निघाला.

तो कागद तिथे नव्हता. आर्डिसने तो आधीच उचलला होता. लाइलचं शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

"ए, तो मला हवा होता!" रोझली ओरडली.

"मग आधी हात घालायचास," आर्डिस म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. अख्ख्या जन्मात तिने काहीतरी असं पहिल्यांदाच उचललं होतं. तिचे गाल तापले, पण कागद तिने सोडला नाही. मग वही उघडून तिने पट्टीने पाच रकाने आखले आणि पाचव्यावर स्वतःचं नाव लिहिलं.

रोझलीने पुन्हा जादूगार घेतला. पहिल्याच लोळात ट्रोल अर्धा भाजला आणि रोझली रांगेच्या शेवटी गेली. तिथून तिची जी विनवणी सुरू झाली! "अगं आर्डिस, मला घे ना पुढे! बघ, तो चावतोय त्याला!"

"रांगेत राहा," आर्डिस म्हणाली. तिला मजा येत होती, ती लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही.

साडेबाराला म्हातारा पाईक बर्फ फोडून वर आला. तिरंदाज पाण्यात पडला. योद्धा ओरडत होता, रोझली टेबल बडवत होती: लोळ टाकते, मला घे! सगळे आर्डिसकडे बघत होते. आर्डिस कपांकडे बघत होती. चार भरलेले. एक रिकामा, औषधविक्याचा. अर्ध्या तासात तो माणूस एक शब्द बोलला नव्हता.

"चोर पुढे या," ती त्याचा कप पुन्हा भरत म्हणाली.

"मी?" औषधविक्या दचकला. "मी काय करू? माझ्याकडे नुसती तार आहे आणि दोरी."

"मग त्याचंच काय ते करा."

त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, मी तारेचा गळ करतो. मागे उभा असलेला ड्वेन "शाब्बास!" म्हणून एवढ्या जोरात ओरडला की बाजूच्या तीन टेबलांवरचे फासे थांबले. औषधविक्याने फासे टाकले, जमलं, गळ अडकला, मग पाचही जण त्या दोरीला लटकले आणि म्हाताऱ्याला बर्फावर ओढून काढेपर्यंत एक वाजून वीस मिनिटं झाली होती. एकही खुर्ची रिकामी नव्हती, उलट मागे नऊ माणसं उभी होती. आर्डिसने पाच कप वहीत मांडले. पाचही गार, तिचाही. तिच्या कॉफीवर साय धरली होती.

कुबियाक उठले. "छापतो," एवढंच म्हणाले, आणि एक कोरा कागद पुढे केला. "मुखपृष्ठावर काय हवं ते यावर लिहून द्या."

लाइलने खिशातून सुतारी पेन्सिल काढली. वर खेळाचं नाव लिहिलं, खाली बरोबर मधोमध स्वतःचं. मग थांबला. "आर्डिस," तो म्हणाला, "तुझंही नाव घालू का?" आणि नकार ठरलेलाच असल्यासारखा पेन्सिल खिशात ठेवायला लागला.

"हो," आर्डिस म्हणाली.

लाइलचा हात खिशाच्या तोंडाशी अडला. "हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो. फेब्रुवारीपासून हो."

"अगं, मग तेव्हा 'राहू दे' का म्हणालीस?"

"तू दोनदाच विचारलंस."

लाइलने पाद्रीबुवांकडे पाहिलं. पाद्रीबुवांचा चेहरा पडला होता. "दोनदाच विचारलंस, लाइल?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. ड्वेन तर जमिनीकडेच बघायला लागला. त्या दिवशी खंदकात टँकर त्याचा होता.

"देवा रे," लाइल म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, डोळेसुद्धा भरले होते जरासे. "टँकर आला ना मध्ये. मला वाटलं… चुकलंच माझं, आर्डिस."

"तुम्ही सगळे ठार वेडे आहात," रोझली म्हणाली.

लाइलने पुन्हा कागदावर पेन्सिल टेकवली. "इथे लिहू? माझ्या खाली?"

"शेजारी," आर्डिस म्हणाली.

लाइलने स्वतःचं नाव खोडलं आणि थोडं डावीकडे सरकवून पुन्हा लिहिलं.